फ्रेमला सहा पिक्सेल

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमचा लघुपट गावात दाखवला. माण तालुक्यातले हे माझे आजोळ. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात दोन खांबांच्या मध्ये दुहेरी चादर ताणली होती, आणि वारा आला की पडद्यावरची माणसे पोटातून हलल्यासारखी दिसत होती. लघुपट संपला, टाळ्या झाल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि नावे वर सरकू लागली. पुढच्या रांगेत सतरंजीवर बसलेल्या आजी तेव्हा उठून थेट चादरीजवळ गेल्या. त्यांच्याबरोबर चौथीतली नात होती. आजींना वाचता येत नाही; म्हणून नातीने एक बोट वर धरले होते आणि ती सरकणाऱ्या ओळींच्या मागे ते बोट नेत होती. पडद्यावरचा उजेड दोघींच्या तोंडावर पडला होता आणि काही नावे त्यांच्या अंगावरूनच वर चढत होती. थोड्या वेळाने चादर नुसती पांढरी झाली. आजींनी विचारले, "कुठं हाय गं?" नात म्हणाली, "गेलं आज्जे. लई पळत्यात नावं." मग आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुन्हा लावशील का गं, लेकी?" प्रोजेक्टर भाड्याचा होता, टेम्पोवाल्याला म्हसवडला परतायची घाई होती आणि त्याने वायर गुंडाळायला सुरुवातही केली होती. मी काहीतरी पुटपुटले आणि त्याच्यासोबत वायर गुंडाळू लागले.

ते नाव पळवले होते मीच.

लघुपटाचा विषय साधा आहे. एक बाई ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीत येते, दळण टाकते, आणि तिचा नंबर येता येता वीज जाते. खरे तर वीज पूर्ण जात नाही, थ्री फेज जाते. ज्यांनी गावात दिवस काढले आहेत त्यांना हा फरक सांगावा लागत नाही: बल्ब पिवळा का होईना पेटलेला असतो, मोबाइल चार्ज होत असतो, पण गिरणीची मोटार हलत नाही. गिरणीच्या पट्ट्याचा वेग मंदावत जातो, दगडांचा घरघराट खालच्या पट्टीत उतरत जातो, आणि शेवटी पट्ट्याचा जोड एकदोनदा फटफट वाजून सगळे थांबते. त्यानंतरची जी शांतता असते, तिच्यासाठी मी हा लघुपट केला, असे म्हटले तरी चालेल. बाई वाट पाहते, इतर बायका वाट पाहतात, पीठ हळूहळू सगळ्यांच्या भुवयांवर बसते. शेवटी ती घरी जाऊन परसात उपडे पडलेले जाते सरळ करते. जाते फिरू लागते तेव्हा शेजारच्या घरातून एक म्हातारा आवाज ओवी म्हणू लागतो. तो आवाज या आजींचा. त्यांचे नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांनी ते पडद्यासाठी दिले होते, इंटरनेटसाठी नाही.

एप्रिलमध्ये पाच दिवस चित्रीकरण झाले. पावसाळा संकलनात गेला. सप्टेंबरच्या अखेरीस एका परदेशी महोत्सवाच्या स्पर्धेची मुदत संपत होती आणि आम्हा चौघांना कधी नव्हे तो आत्मविश्वास आला होता. त्याला कारणही होते. २०२४ च्या मे महिन्यात कान महोत्सवाच्या 'ला सिनेफ' या विद्यार्थी विभागात पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या चिदानंद नाईक यांच्या, अवघ्या चार दिवसांत चित्रित झालेल्या लघुपटाला पहिले पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून पुण्यात लघुपट करणाऱ्या प्रत्येकाच्या आईवडिलांना 'कान' हे गावाचे नाव आहे हे समजले. आमच्यातले कोणीही इन्स्टिट्यूटचे नव्हते. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या फाटकासमोर चहा पीत आम्ही पुष्कळ वेळ घालवला आहे, इतकाच आमचा त्या संस्थेशी संबंध. पण लघुपट चांगला झाला होता, आणि तो चांगला झाला आहे हे आम्ही एकमेकांना इतक्यांदा सांगितले होते की आता कोणा परक्याने सांगण्याची निकड वाटू लागली होती. त्यातून स्पर्धेची शुल्काची पद्धत अशी, की लवकर प्रवेशिका भरणाऱ्याला कमी पैसे आणि शेवटच्या आठवड्यात धावणाऱ्याला जास्त. अर्थात आम्ही शेवटच्या आठवड्यातले. मुदत पश्चिम अमेरिकेच्या मध्यरात्री संपत होती, म्हणजे आपल्याकडच्या दुसऱ्या दिवशीच्या दुपारी साडेबारापर्यंत वेळ होता, आणि ही सवलत कोणी आपल्यालाच खास दिली आहे अशा थाटात आम्ही ती वापरली.

नियमांत एक ओळ होती: लांबी १५ मिनिटांपेक्षा जास्त नसावी, श्रेयनामावलीसह. अशी ओळ बहुतेक ठिकाणी असते. ऑस्करच्या लघुपट विभागातही ४० मिनिटांची मर्यादा आहे आणि तीही सगळ्या नावांसकट मोजली जाते. आमचा लघुपट १४ मिनिटे ५८ सेकंदांचा होता. दोन सेकंद उरत होते आणि त्या दोन सेकंदांचा मला अभिमान होता. प्रवेशिका भरायच्या आदल्या संध्याकाळी ध्वनी सांभाळणाऱ्या मैत्रिणीने सहज विचारले, "ही लांबी पंचवीसला ना?" तेव्हा कुठे प्रकाश पडला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्रीकरण करताना चित्र लुकलुकू नये म्हणून आमच्या छायालेखकाने कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर, म्हणजे २५ स्थिर चित्रांवर ठेवला होता. आणि निवड झाल्यास चित्रपटगृहासाठी जी डिजिटल प्रत लागते, ती डीसीपी, या महोत्सवाला सेकंदाला २४ फ्रेमचीच हवी होती. तेवढ्याच फ्रेम २४ च्या वेगाने चालवल्या की लघुपट लांबतो. १४ मिनिटे ५८ सेकंदांचे १५ मिनिटे ३५ सेकंद होतात. एकही दृश्य न वाढवता आम्ही नियमाबाहेर गेलो होतो. पंधरा मिनिटांत बसायचे तर आमच्या घड्याळाने १४ मिनिटे २४ सेकंदांवर यावे लागणार होते. म्हणजे ३४ सेकंद काढायचे. ८५० फ्रेम.

त्याच रात्री तिने आणखी एक गोष्ट ऐकवली. २४ च्या वेगाने चालवल्यावर आवाजही सुमारे चार टक्क्यांनी मंदावतो आणि पट्टी खाली उतरते. गिरणीला त्याने काही होत नव्हते, उलट ती जरा थोराड वाटत होती. पण आजींची ओवी दमल्यासारखी ऐकू येऊ लागली, जणू त्यांच्या वयात एका रात्रीत पाच वर्षे भरली होती. मैत्रिणीने पहाटेपर्यंत बसून ती पट्टी पुन्हा जागेवर आणली. "आवाज तरी त्यांचा त्यांना द्यायला हवा," असे ती हेडफोन न काढता म्हणाली. मी तेव्हा दुसऱ्या टेबलावर ते ८५० फ्रेम शोधत होते.

कापायला बसले की लक्षात येते, की आपल्याला कोणत्या गोष्टी प्रिय आहेत याबद्दल आपण स्वतःशी किती खोटे बोलत होतो. पट्टा थांबण्याचे दृश्य २६ सेकंदांचे आहे. त्यातले पाच कमी केले तर कोणाला कळणार नाही असे छायालेखक म्हणाला, आणि मी त्याच्याशी दोन तास बोलले नाही. वाट पाहणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यांपैकी एक काढून पाहिला, तर उरलेल्या बायका वाट पाहत आहेत असे वाटेना, नुसत्या बसल्या आहेत असे वाटू लागले. शेवटी एका शेळीवर आले. गिरणीच्या पायरीवर सांडलेली ज्वारी खायला एक शेळी न बोलावता आमच्या फ्रेममध्ये आली होती, आणि तो लघुपटातला एकमेव क्षण होता जिथे प्रेक्षक हसायचे. पण शेळीने आधीच आम्हाला पुरेसा ताप दिला होता. राष्ट्रीय पुरस्कारांच्या कथाबाह्य विभागात जायचे तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, आणि पडद्यावर जनावर असेल तर प्राणी कल्याण मंडळाचे ना हरकत पत्र जोडावे लागते. न बोलावता आलेल्या शेळीची पूर्वपरवानगी कशी घ्यायची याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. तिचे तीन सेकंद काढले. ७५ फ्रेम. ती अजूनही दिसते, पण आता खाताना दिसत नाही, नुसती जाताना दिसते, आणि कोणी हसत नाही.

उरले ३१ सेकंद. पहाटेचे चार वाजले होते.

आमची श्रेयनामावली ६२ सेकंदांची होती. एकसष्ट नावे होती त्यात. चौघे आम्ही, दोन अभिनेत्री, आणि बाकी सगळे गाव. गिरणीवाल्याने थ्री फेज असतानाही दोन दिवस दळण घेतले नाही आणि शेजारच्या गावात जा म्हणून गिऱ्हाइके परत पाठवली, त्याचे नाव. लाइन कधी जाणार हे आधी सांगणाऱ्या वायरमनचे. जात्याला नव्याने टाकी लावून, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करून देणाऱ्या म्हाताऱ्याचे; दगड टाकायला आता कोणी बोलावत नाही म्हणत त्यांनी पैसे घेतले नव्हते. आम्हाला पाच दिवस जेवू घालणाऱ्या तीन घरांतल्या सगळ्या बायकांची नावे, माहेरच्या नव्हे तर त्यांनी सांगितली तशी. ही यादी मी चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी देवळाच्या कट्ट्यावर बसून वहीत लिहून घेतली होती. त्या वेळी आजी म्हणाल्या होत्या, "माझं कशाला? म्या काय केलं? गाणं जात्याचं हाय." नंतर अर्ध्या वाटेवरून परत येऊन त्यांनी आपले नाव सांगितले, नवऱ्याच्या नावासकट, आणि मी ते नीट लिहिले आहे ना याची नातीकडून वाचून खात्री करून घेतली. वहीत ते देवनागरीत होते.

नावे वर सरकवण्याचे एक तंत्र असते. प्रत्येक फ्रेममध्ये ओळ किती पिक्सेल वर जाईल हा आकडा पूर्णांक ठेवावा लागतो. साडेतीन किंवा सव्वाचार ठेवला तर अक्षरे थरथरतात. आम्ही फ्रेमला तीन पिक्सेल ठेवले होते. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर त्या वेगाने एक नाव खालून वर जायला चौदाहून थोडे अधिक सेकंद घेते. संथ वाटते, पण माणूस आपले नाव शोधतो, शेजाऱ्याला दाखवतो आणि दोघेही त्याच्याकडे पाहतात इतका वेळ त्यात होतो. मी तिथे तिनाच्या जागी सहा लिहिले. एक कळ दाबली आणि ६२ चे ३१ झाले. आकडे इतके चोख बसले की मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली, हे मला आता आठवते आणि आवडत नाही. दृश्यांना हात लागला नाही, पट्ट्याचे सव्वीस सेकंद वाचले, बायकांची वाट पाहणे वाचले. चौघांपैकी एकानेही हरकत घेतली नाही. नावे कोण वाचतो, हे आम्ही कोणी मोठ्याने बोललो नाही, बोलण्याची गरज पडली नाही.

नावे रोमन लिपीत करण्याचा निर्णय त्याआधीच झाला होता. परदेशी परीक्षकांना वाचता यायला हवे, हा युक्तिवाद माझाच. देवनागरी आणि रोमन दोन्ही ठेवायचा विचार काही दिवस टिकला, पण दोन्ही ठेवली की लांबी दुप्पट होते. राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, तेव्हा गावातल्या पोरांनाही येईलच वाचता, असे मी स्वतःला समजावले होते. चौथीतली मुलगी हलत्या चादरीवरची, खालून येणारी, सात सेकंदांत निघून जाणारी रोमन अक्षरे जोडून आपल्या आजीचे नाव शोधू शकेल का, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असता तर मला तो भावुक आणि अव्यवहारी वाटला असता.

प्रवेशिकेचा अर्ज हा स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. एका ओळीत कथा, मग पन्नास शब्दांत कथा, मग दिग्दर्शकाचे मनोगत. प्रत्येक चौकोनात तीच गोष्ट थोडी अधिक फुगवून सांगायची. 'दळण' या शब्दाने आम्हाला इंग्रजीत फार छळले. घेऊन जातो ते दळण, गिरणीत टाकतो ते दळण, घेऊन येतो तेही दळण, आणि तीच ती गोष्ट कोणी पुन्हा पुन्हा सांगू लागला तर तेही दळणच. उपशीर्षकांत एका वेळी दोन ओळी मावतात आणि प्रेक्षकाला त्या वाचायला काही सेकंदच मिळतात. "दळण टाकून आले" या तीन शब्दांना इंग्रजीत आठ शब्द लागले आणि तरी त्यात ती बाई डबा तिथेच ठेवून, गिरणीवाल्यावर विश्वास टाकून आली आहे, हे काही उतरले नाही. दोन दिवस आम्ही त्या तीन शब्दांवर घालवले. त्या दोन दिवसांबद्दल मला काही वाटत नाही. पण इतके जिवापाड जपून एक शब्द परक्यांपर्यंत नेणारे आम्ही, आमच्या एकसष्ट माणसांच्या नावांचा निकाल एका आकड्यात लावून मोकळे झालो, ही जोडी मनातून जात नाही.

अर्जात संगीतकाराचा रकाना अनिवार्य होता. मुळात गिरणीवाल्याच्या रेडिओवर एक जुने गाणे लागलेले होते आणि ते चित्रीकरणाच्या वेळी आवाजात आपसूक आले होते. ते ठेवायचे तर हक्क विकत घ्यायचे. ध्वनिमुद्रणाला साठ वर्षे उलटली असली तरी गीतकार-संगीतकारांच्या निधनानंतर साठ वर्षे होईपर्यंत शब्द-सुरांचे हक्क शिल्लक राहतात, आणि ती रक्कम आमच्या पूर्ण खर्चापेक्षा मोठी निघाली असती. म्हणून गाणे गेले आणि ओवी आली. आजींना विचारले तेव्हा त्या खूप हसल्या, मग 'पहिली माझी ओवी' म्हणून सुरुवात केली आणि जाते नसतानाच हात गोल फिरवू लागल्या. हक्कांचा प्रश्न मिटला. ओवीला मालक नाही. संगीतकाराच्या रकान्यात मी 'पारंपरिक' असे लिहिले, संगणकाने ते स्वीकारले, आणि पुढचे पान उघडले. नंतर कधीतरी, लघुपट पाठवून झाल्यावर, मी 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह ऐकत बसले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. त्यांतली कोणतीही ओवी उघडली की शेजारी गाणारीचे नाव असते, गाव असते. ओवीत स्वतः गाणारी भावाचे नाव घेते, लेकाचे घेते, विठ्ठलाचे घेते; ते नोंदीतले नाव मात्र तिचे असते. 'पारंपरिक' असे लिहून त्या लोकांनाही मोकळे होता आले असते, असा विचार माझ्या मनात आला आणि मी संकेतस्थळ बंद केले.

त्या परदेशी महोत्सवात आमची निवड झाली नाही. पण ती कापलेली प्रत हीच आमची प्रत झाली, कारण पुढच्या प्रत्येक स्पर्धेलाही कुठली ना कुठली मर्यादा होतीच. फेब्रुवारीत दुसऱ्या एका शहरातल्या छोट्या महोत्सवात लघुपट दाखवला गेला. सभागृहात चाळीसेक माणसे होती. पट्टा थांबला तेव्हा ती शांतता जशी हवी होती तशी पसरली. माझ्या मागच्या बाईने श्वास रोखला, हे मला ऐकू आले आणि मी सुखावले. मग ओवी, मग काळोख, मग नावे. पहिले नाव वर येताच सभागृहातले दिवे लागले, दार उघडले गेले, पुढच्या लघुपटासाठी माणसे आत येऊ लागली आणि आतली बाहेर पडू लागली. त्या उजेडात पडद्यावरची अक्षरे राखाडी दिसत होती. जुन्या चित्रपटांत नावे सुरुवातीला येत, तेव्हा निदान प्रेक्षक बसलेले असत. मी जागेवर बसून सेकंद मोजले. वायरमन गेला, टाकी लावणारे गेले, स्वयंपाक करणाऱ्या बायका एकामागून एक गेल्या. आजींचे नाव मला ठाऊक होते कुठे येते ते, तरीही एका उंच माणसाचे डोके मध्ये आल्यामुळे ते मी निम्मेच पाहिले. परीक्षकांपैकी एकाने बाहेर मला सांगितले, की ध्वनीचे काम उत्तम आहे. मी आभार मानले.

मार्चमध्ये आजोळी जाणे झाले. मोठी प्रत करायची, देवनागरीत, तिनाच्या वेगाने, हे दिवाळीपासून माझ्या मनात होते आणि दिवाळीपासून ते झाले नव्हते. दर वेळी एखाद्या नव्या स्पर्धेचा अर्ज मध्ये येत असे. म्हणून मोबाइलमध्ये होती तीच प्रत घेऊन मी आजींच्या ओट्यावर गेले. नात शाळेतून आली होती, दप्तर पाठीवरच होते. मी लघुपट शेवटाकडे नेला, नावे धावू लागली, आणि एका जागी थांबवली. "हे बघा आजी." नातीने मान वाकडी करून ते आधी मनात वाचले, मग मोठ्याने वाचले, नवऱ्याच्या नावासकट, इंग्रजीतल्या अक्षरांवरून वाचताना होतो तसा उच्चार थोडा चुकवत. आजींनी तो लगेच दुरुस्त केला. चष्मा पदराला पुसला, पुन्हा लावला आणि मोबाइल हातात मागितला. नाव पडद्याच्या बरोबर मधोमध होते, थांबवल्याचा तो त्रिकोण त्याच्यावरच उमटला होता. "हे का?" म्हणत त्यांनी त्यावर बोट ठेवले, आणि नावे पुन्हा पळू लागली.